मंडळी गात नसेल तर... आराधना चालवताना या चुका टाळा

चर्चमध्ये आराधनेची गाणी चालवत होतो. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच माझ्या इन-इअर मॉनिटरची, म्हणजे आपला आवाज आणि वाद्यं ऐकायच्या कानातल्या यंत्राची, बॅटरी गेली. कानात एकदम शुकशुकाट. ती गुंडी कानातून काढली, गात राहिलो, आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की सभागृहात माझ्याशिवाय जवळपास कोणीच गात नाही. पुढच्या रांगेत दोघीजणी ओठ हलवत होत्या. मागे एक गृहस्थ हाताची घडी घालून उभे होते, कार्यक्रमाला आल्यासारखे. त्याआधी कित्येक महिने कानातल्या मिक्समध्ये माझा आवाज, गिटार आणि ड्रम्स असे काही जमून यायचे की मला वाटायचं, काय आराधना रंगतेय!

त्यानंतर वर्शिप टीमच्या, म्हणजे आराधनेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या, तक्रारी मी वेगळ्या कानांनी ऐकायला लागलो. ‘मंडळी (म्हणजे उपासनेला जमलेले लोक) थंड आहे.’ ‘लोकांना ओढच नाही.’ असेलही. पण बहुतेक वेळा दोष पट्टीत असतो, गाण्यांच्या निवडीत असतो, स्लाइड बदलणाऱ्याच्या बोटात असतो, नाहीतर माइक धरलेल्या माणसाच्या मनात. मनातला दोष ओळखायची एक खूण आहे: त्या माणसाचं ऐकणं बंद झालेलं असतं.

माइकवरून दटावणं

‘आवाज येत नाही! देवासाठी एवढाच आवाज?’ हे मी स्वतः बोललेलो आहे, एकदा नव्हे, बरेचदा. लोक बिचारे पुढच्या ओळीला जरा जोर लावतात आणि त्याच्या पुढच्या ओळीला पुन्हा गप्प होतात, कारण गप्प बसण्याचं कारण जागच्या जागीच असतं. त्यातला कोणी आदल्या दिवशी दफनविधीहून आलेला असतो, कोणाला गाणं माहीत नसतं, आणि बहुतेकांना तो सूर लागतच नसतो. दटावून यातलं एकही कारण जात नाही. उलट ‘मी आराधनेत कमी पडतो’ एवढाच धडा घेऊन माणूस घरी जातो.

स्वतःच्या पट्टीवर अडून बसणं

सगळ्यात जास्त गाणी इथे मरतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

गाणं न शिकलेल्या माणसांचा समुदाय साधारण मधल्या सीपासून वरच्या डीपर्यंत, म्हणजे पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत, आरामात गातो. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. वरचा ई एखाद्या ठिकाणी येऊन गेला तर निभतं. तिथेच मुक्काम केला तर पुरुष गप्प होतात आणि बायका आवाज पातळ करून कसंबसं रेटतात. रेकॉर्डिंगमधला गायक मात्र खुशाल एफ शार्प, जी, कधी एपर्यंतही चढतो. त्याचा तो पेशा आहे. आपण गाणं तिथून उचलतो ते पट्टीसकट उचलतो.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. गाणं बी मेजरमध्ये आहे, गिटारवाला चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून जीचे कॉर्ड वाजवतोय आणि ध्रुवपदातला सर्वात वरचा सूर एफ शार्प आहे, म्हणजे काळी तीन. इथे फक्त कॅपो काढून टाका. कॉर्ड तेच, बोटं तीच, पण गाणं चार सेमीटोन, म्हणजे चार अर्धे सूर, खाली आलं आणि तो वरचा सूर डीवर येऊन बसला. मग कडव्याचा सर्वात खालचा सूर तपासा. तो खालच्या ‘ए’च्याही (पांढरी सहाच्याही) खाली बुडत असेल तर ते गाणं समुदायाचं नाही. कोणातरी एकाने म्हणावं, बाकीच्यांनी ऐकावं. त्यातही काही गैर नाही.

एवढं सोपं असून हे होत का नाही? कारण खालच्या पट्टीत माझा आवाज साधा वाटतो. वरच्या एफ शार्पला जी धार येते, अंगावर काटा येतो, ती जाते. मनाची परीक्षा म्हणतात ती मला तरी डोळे मिटून हात वर करण्यात कधी दिसली नाही. कॅपो काढताना हात किती जड होतो त्यात दिसली. मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये गायनासाठी सात सूचना छापल्या, त्यात एक अशी आहे की इतरांच्या वर ऐकू यावं म्हणून ओरडू नका. ती सूचना मंडळीतल्या सर्वांसाठी होती. आता माइक आमच्या हातात आहे, तेव्हा ती आधी आम्हालाच लागू.

दर रविवारी नवं गाणं

टीमने गाणं तीन आठवडे घोळवलेलं असतं, गाडीत ऐकलेलं असतं, आणि नेमका तिला कंटाळा येऊ लागतो तेव्हा मंडळीची जेमतेम ओळख झालेली असते. एका उपासनेत नवं गाणं एकच ठेवा, तेही लागोपाठ तीन-चार रविवार. पहिल्यांदा ध्रुवपद नुसतं गाऊन दाखवा, मग लोकांना घ्या. आपल्याला कंटाळा आला हे गाणं बदलायचं कारण नाही.

स्लाइड उशिरा येणं

पुढची ओळ पडद्यावर कधी आली पाहिजे? चालू ओळीचा शेवटचा शब्द तोंडात असताना. ओळ सुरू झाल्यावर आली तर लोक पहिले दोन शब्द गिळतात आणि दोन-तीनदा असं झालं की गाणंच सोडून देतात. लॅपटॉपवर बसलेला मुलगा सरावाला येत नसेल तर दोष त्याचा नाही, त्याला बोलावलं नाही त्यांचा. त्याला सरावाला घ्या, आणि कोणतं कडवं पुन्हा घ्यायचं याची एक खूण ठरवा. मी डावा हात मागे नेतो, बस्स.

फक्त आनंदाची गाणी

बायबलमध्ये दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारावरच येऊन थांबतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. ते पुस्तकात राहू दिलं गेलं, याचा आमच्या गाण्यांच्या यादीवर काही परिणाम व्हायला हवा. सलग चार जोशाची गाणी लावली की ज्याची नोकरी परवा गेली त्याला एक तर खोटं गावं लागतं नाहीतर गप्प उभं राहावं लागतं. यादी झाली की ती त्या माणसाच्या जागी उभं राहून एकदा वाचा.

भावना पिळून काढणं

कीबोर्डवर हलका पॅड (मागे सतत रेंगाळणारे सूर), दिवे मंद, ध्रुवपद सहाव्यांदा. हात वर जाईपर्यंत थांबायचं नाही असं जणू ठरलेलं. हे जमतं, आणि जमतं म्हणूनच धोक्याचं आहे. संत ऑगस्टिन यांना ही अडचण सोळाशे वर्षांपूर्वी जाणवली होती. ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात ते कबूल करतात की गाण्यातल्या अर्थापेक्षा गाण्यानेच आपण जास्त हलतो तेव्हा आपल्याकडून पाप घडतं, आणि अशा वेळी ते गाणं ऐकलं नसतं तर बरं असं वाटतं. तरीही चर्चमधलं गायन बंद करावं असं ते म्हणत नाहीत, कारण विश्वासात परतताना त्याच गाण्यांनी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी स्वतःपुरता एक प्रश्न ठेवलाय: या ओळीत आणखी एकदा म्हणण्यासारखं काही आहे, की मला नुसता परिणाम हवाय? उत्तर दुसरं असेल तर गाणं तिथेच संपवतो. शांततेची भीती वाटून पॅड वाजवत राहणं हीही त्यातलीच गत. दहा सेकंद काहीच वाजलं नाही तर आकाश कोसळत नाही. आणि गाण्यांच्या मध्ये छोटंसं प्रवचन देऊ नका. पाळक आहेत त्यासाठी.

‘मन चांगलं असलं की झालं’

हे वाक्य बहुतेकदा सराव न केलेला माणूस म्हणतो. बायबलमधल्या १ इतिहास या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात मंदिरातल्या गाण्यासाठी २८८ जण नेमले आहेत, २४ गटांत, आणि ते गायनात निपुण होते असं तिथे स्पष्ट लिहिलंय. दावीद राजाच्या काळातला कनन्या गायनाचा प्रमुख झाला तो त्यात जाणकार होता म्हणून. ३३ वं स्तोत्र कुशलतेने वाजवायला सांगतं. ट्यूनर न लावता चढवलेली गिटार नम्रतेचं लक्षण नव्हे.

उलट बाजूही पाहिलीय. बॅकिंगला गाणारी एक मुलगी अर्धा सूर खाली जात होती, आणि मी सरावात सगळ्यांदेखत तिला तीन वेळा तीच ओळ म्हणायला लावली. सूर सुधारला. पुढच्या महिन्यात ती टीममधून गेली. तिच्या मॉनिटरमध्ये कीबोर्डचा आवाजच सोडलेला नव्हता, हे मला नंतर साऊंडवाल्याकडून कळलं. सूर हलतो तेव्हा आधी मॉनिटर बघा, मग पट्टी. माणसाशी बोलायचं ते सगळ्यात शेवटी, आणि बाजूला घेऊन.

भांडण तसंच ठेवून स्टेजवर चढणं

आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात देव लोकांना सांगतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा. गाणी बेसूर होती म्हणून नव्हे. बाहेर न्याय तुडवला जात होता म्हणून. येशूने तर आणखी जवळचं सांगितलं: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आमच्या टीमच्या भाषेत याचा अर्थ साऊंड चेकच्या आधी केलेला एक फोन. ड्रमरशी अबोला धरून ‘एकमनाने’ हा शब्द तालात म्हणता येतो. मी तसा म्हटलाही आहे.

प्रवचन सुरू होताच बाहेर पडणं ही याचीच धाकटी बहीण. शेवटचा कॉर्ड वाजला की वादक मागच्या दाराने बाहेर, फोन हातात. मंडळी हे बघत असते.

‘आम्ही आघाडीवर’ ही हवा

यहोशाफाट राजाने गाणाऱ्यांना सैन्याच्या पुढे पाठवलं, हा २ इतिहासाच्या २० व्या अध्यायातला प्रसंग वर्शिप टीमला फार आवडतो. पण त्या जागेचा विचार करा. शत्रू समोर, हातात शस्त्र नाही, ढाली मागे राहिलेल्या. ती मानाची खुर्ची नव्हती.

उपासनेनंतर कोणी ‘आज छान गायलात’ म्हटलं तर ‘छे छे, सगळं देवाचंच’ असं लांबलचक सांगत बसू नका; त्यात समोरच्याला आणखी कौतुक करावं लागतं. ‘धन्यवाद’ म्हणा आणि केबल गुंडाळायला लागा. जर्मन संगीतकार बाख आपल्या कितीतरी हस्तलिखितांच्या शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ या लॅटिन शब्दांची तीन आद्याक्षरं लिहीत. तीन अक्षरं, कागदाच्या कोपऱ्यात.

आता मी एक कान कायम उघडा ठेवतो. शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ध्रुवपदाला सगळी वाद्यं थांबवतो आणि माइकपासून एक पाऊल मागे सरकतो. लोकांचं गाणं चालू राहिलं तर ठीक. थांबलं, तर त्या गाण्यापुढे पेन्सिलीने खूण करतो आणि पुढच्या सरावाला पहिल्यांदा पट्टी तपासतो.