सॉफ्ट स्किल्सचा क्लास लावण्याआधी ओरलची तयारी करा

इंजिनिअरिंगला नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "ताई, सॉफ्ट स्किल्ससाठी कुठला कोर्स लावू?" मी म्हणते, फी भरली आहे त्यातलं आधी वसूल करा. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स हा विषय दोनदा होता, दुसऱ्या आणि पाचव्या सेमिस्टरला. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये पहिल्याच वर्षी प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग होतं. एनबीए (अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मानांकनासाठी कॉलेज जे प्रोग्रॅम आउटकम, म्हणजे पदवीपर्यंत मुलांना काय यायला हवं याची यादी, दाखवतं, त्यातही संवाद आणि टीमवर्क असतात. फायलीत हे सगळं व्यवस्थित लावलेलं असतं. मुलांपर्यंत त्यातलं किती पोचतं, ते सबमिशनच्या आठवड्यात दिसतंच.

माझ्या मते खरी शाळा म्हणजे ओरल, तोंडी परीक्षा. अनोळखी एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक), समोर तुमचं जर्नल आणि हातात जेमतेम पाच-सात मिनिटं. नोकरीची मुलाखत याहून फार वेगळी नसते. मी इलेक्ट्रिकलची, म्हणून तिथलंच उदाहरण देते. "ट्रान्सफॉर्मरचं रेटिंग केव्हीएमध्ये का देतात, किलोवॅटमध्ये का नाही?" हा प्रश्न मशीन्सच्या ओरलला पिढ्यानपिढ्या विचारला जातोय. पाठ करून आलेला मुलगा "लॉसेस डिपेंड ऑन करंट अँड व्होल्टेज" एवढं एका दमात म्हणतो आणि थांबतो. पुढे "म्हणजे काय?" आलं की नजर जमिनीवर.

समजून आलेली मुलगी पायऱ्या लावते. कॉपर लॉस (तारांच्या वेटोळ्यात वाया जाणारी पॉवर) करंटवर अवलंबून, आयर्न लॉस (लोखंडी गाभ्यात वाया जाणारी) व्होल्टेजवर. ट्रान्सफॉर्मर तापतो तो या दोन्हींमुळे. पुढे लोड कुठल्या पॉवर फॅक्टरचा (व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला किती भाग खरी पॉवर, ते प्रमाण) लागणार, हे बनवणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार द्यायचा, केव्हीए. चार वाक्यं झाली. इंग्रजी मोडकं असलं तरी एक्स्टर्नल मान डोलावतो. आता मी स्वतः फ्रेशर्सच्या मुलाखतींना बसते, तेव्हा माझंही तेच होतं.

हे घरी करून पाहता येतं. मराठी माध्यमातून आला असाल तर प्रॅक्टिकल झालं की त्याच संध्याकाळी ते रूममेटला आधी मराठीत समजावा, शक्यतो दुसऱ्या ब्रँचच्या. त्याला कळलं की मग तेच इंग्रजीत. आधीच इंग्रजी वाक्यं घोकत बसलात तर विषयही निसटतो आणि भाषाही. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर "सर, इथपर्यंत माहीत आहे, पुढचं नाही" असं सरळ सांगायची सवय लावून घ्या. थापा एक्स्टर्नलच्या लगेच लक्षात येतात, त्यांनीही कधीकाळी त्या मारलेल्या असतात.

प्रोजेक्ट ग्रुपचं तेवढं सोपं नाही. चौघांत एक काम करतो, एक रिपोर्ट टाइप करतो, एक स्पायरल बाइंडिंग करून आणतो आणि चौथा प्रेझेंटेशनच्या दिवशी फॉर्मल घालून उगवतो. मैत्री तुटेल म्हणून कुणी बोलत नाही. सुरुवातीलाच कोण काय करणार ते लिहून गाईडला मेल करा, विषयाच्या ओळीत ग्रुप नंबर आणि प्रोजेक्टचं नाव टाकून. दर आठवड्याला दोन ओळींचा मेल पुढे चालू ठेवा. भांडण झालंच तर ते कामावरून होतं, माणसावरून नाही. आणि प्रेझेंटेशनमध्ये प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग सांगायचा, हा नियम ग्रुपपुरता करून टाका. चौथ्यालाही मग रिपोर्ट उघडावा लागतो.

पुण्यात असाल तर पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या रंगमंचीय स्पर्धांच्या तालमींना जाऊन बसा. स्टेजवर जायलाच हवं असं नाही, बॅकस्टेजला प्रॉपर्टी (नाटकातलं सामान) सांभाळतानाही माणसं सांभाळायची सवय होते. अटेंडन्सचं मात्र आधी बघा, डिटेन्शनच्या (हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देण्याच्या) यादीत नाव लागलं तर कुठलाच करंडक मदतीला येत नाही.

नोकरीच्या निवडीतल्या जीडीबद्दल, म्हणजे ग्रुप डिस्कशनबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. रोज एक अग्रलेख वाचून त्यावर दोन मिनिटं बोलायचं, एवढं पुरतं. क्लास लावायचाच असेल तर तिसऱ्या वर्षीच लावा. सातवं सेमिस्टर सुरू होताच कंपन्या यायला लागतात, आणि तेव्हा क्लासवालेही फी वाढवून बसलेले असतात.