पीसी चालूच होत नाही? मदरबोर्ड गेला म्हणायच्या आधी हे बघा

सांगली-मिरजेकडं पावसाळ्यात ही तक्रार हमखास ऐकू येते, हवेत ओल आणि त्यात लाईटची ये-जा, मग एक दिवस बटण दाबलं तरी पीसी ढिम्म. दुकानात नेला की बऱ्याचदा न तपासताच "बोर्ड गेलाय" म्हणतात आणि माणूस नवीन बोर्ड घ्यायला तयार होतो. बोर्ड हा सगळ्यात शेवटचा संशय, बाकी सगळं तपासून झाल्याशिवाय त्याच्यावर यायचंच नाही.

आधी बघा, पीसी पूर्ण मेल्यासारखा आहे की फॅन फिरतोय पण स्क्रीन काळी आहे. दोन्हीची वाट वेगळी आहे.

पूर्ण मेला असेल तर दुसऱ्या सॉकेटला लावून बघा, एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, त्याच्या मागचा स्विच बघा. मग प्लग काढून साईडचं पॅनल उघडा आणि कॅबिनेटच्या बटणाची वायर बोर्डवरून काढा, आता परत प्लग लावून पॉवर स्विचच्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर जोडा. चालू झाला तर दोष नुसत्या बटणाचा. नाहीच झाला तर एसएमपीएस तपासायचा. सगळे कनेक्टर काढून २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला पेपरक्लिपनं जोडायची (सगळ्या वायरी काळ्या असतील तर १६ नंबरची पिन) आणि मग प्लग लावायचा. फॅन फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक असं समजू नका, मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये पाहिजे. जांभळ्या वायरवर पीसी बंद असतानाही ५ व्होल्ट असतात, तेच नसतील तर दोष एसएमपीएसचाच, आणि सुटा असताना ५ दाखवतोय पण बोर्डला लावल्यावर पडतोय तर बोर्डवर शॉर्टचा दाट संशय घ्या. एसएमपीएस स्वतः मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) जीवघेणा चार्ज राहू शकतो.

फॅन फिरतोय पण डिस्प्ले नाही, तर आधी प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा कनेक्टर बघा, तो राहून जातो. मग रॅम. आमच्याकडच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो, पेन्सिलच्या खोडरबरानं हलक्या हातानं घासून कोरड्या कापडानं पुसायच्या, तोंडानं फुंकायचं नाही कारण थुंकी उडते. चार स्लॉट असतील तर एकच रॅम प्रोसेसरपासून मोजून दोन नंबरच्या स्लॉटमध्ये बसवा, क्लिक आवाज यायला पाहिजे, नाही चाललं तर दुसरी रॅम, दुसरा स्लॉट. रॅम डीडीआर५ (नव्या पिढीची) असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, घाईनं बंद करू नका. आणि इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर बोर्डच्या एचडीएमआयवर डिस्प्ले येणारच नाही, वायर ग्राफिक्स कार्डलाच लावा.

बोर्डवर छोटे दिवे असतील तर कुठला लागून राहतोय ते बघा, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) असं लिहिलेलं असतं.

तरी नाही? प्लग काढून बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढा, पॉवर बटण दाबून धरा, पाचेक मिनिटांनी सेल परत लावा, जुना असेल तर नवाच टाका. मग बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवा, फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम, ग्राफिक्स लागत असेल तर कार्ड. बाहेर चालला म्हणजे कॅबिनेटमध्ये कुठंतरी शॉर्ट होतोय, बऱ्याचदा मागं एखादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो पितळी खुंट) जास्तीचा असतो.

२०१९ आणि २०२१ च्या पुरासारखं पाणी घरात शिरून पीसी भिजला असेल तर यातलं काहीच करायचं नाही, चालू करून बघायचा मोहसुद्धा नाही. आधी सेल काढा, कारण तो बोर्डला थोडा करंट देतच असतो आणि ओल्या गाळात त्यानं बोर्डवरच्या तांब्याच्या पट्ट्या गंजतात. मग बोर्ड साफ करून पूर्ण वाळल्यावरच पुढचं.

चांगला एसएमपीएस, दुसरी रॅम, शक्य असेल तर दुसरा प्रोसेसर लावूनही काही नाही, किंवा कॅपॅसिटर फुगलेत, तेव्हा बोर्ड. तरी आधी चिप लेव्हल रिपेअरवाल्याला (बोर्डवरचे सुटे भाग बदलून देणारा) दाखवा, विशेषतः डीडीआर३ रॅमचा जुना असेल तर, कारण नव्या पिढीचा बोर्ड घेतला की प्रोसेसर आणि रॅमपण नवीन घ्यावी लागते. आणि प्रोसेसर काढून बोर्ड नेणार असाल तर सॉकेटचं प्लास्टिक झाकण लावूनच न्या, इंटेलच्या सॉकेटमधल्या पिना वाकल्या की चांगला बोर्डपण कामातून जातो.