केडंप लावलंय? मग एकदा मशीन मुद्दाम पाडून बघा

लिनक्स सर्व्हर रात्री आपोआप रिबूट होतो, लॉगची शेवटची ओळ अर्धवट असते आणि सकाळी सगळे विचारतात, काय झालं? कर्नल (सिस्टिमचा गाभा) पॅनिक झाला, म्हणजे कोसळला, की लॉग लिहिणाराही त्याच्याबरोबरच जातो. म्हणून केडंप. थोडी रॅम बूटच्या वेळीच बाजूला काढायची आणि तिथे दुसरा कर्नल भरून ठेवायचा. पहिला पडला की केएक्झेक ही कर्नलमधली सोय बायोसच्या वाटेला न जाता थेट दुसरा सुरू करते. जुनी रॅम शाबूत राहते आणि दुसरा कर्नल ती फाइल म्हणून डिस्कवर उतरवतो. हाच डंप. हे २००५ पासून मूळ कर्नलमध्ये आहे, तरी निम्म्या ठिकाणी धड चालत नाही. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करा.)

१. पॅकेज

डेबियन-उबुंटूवर केडंप-टूल्स टाका. रेड हॅटच्या घराण्यात केएक्झेक-टूल्स बहुधा आधीच असतं, फक्त केडंप सर्व्हिस चालू करा.

२. रॅम राखून ठेवणं

घोडं अडतं ते इथेच. बूट पॅरामीटरमध्ये क्रॅशकर्नल लिहून त्यापुढे आकडा द्यायचा. ‘१२८ एमबी पुष्कळ झाले’ हा सल्ला जुन्या लेखांतून अजून फिरतोय. तो ऐकू नका, मी ऐकला होता.

एका डेटाबेस सर्व्हरवर सर्व्हिस हिरवीगार दिसत होती. मशीन पडलं आणि क्रॅश फोल्डरमध्ये सापडली ती व्हीएमकोर-इनकम्प्लीट नावाची शून्य बाइटची फाइल. मला वाटलं डिस्क भरली असेल. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मात्र सिरीयल कन्सोल (मशीनचे बूट संदेश थेट दाखवणारी जोडणी) लावून बसलो, तेव्हा दिसलं की दुसरा कर्नल व्यवस्थित उठतोय, फायबर चॅनल कार्डाचा (स्टोरेज जोडणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर बरीचशी मेमरी खातोय आणि ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत कर्नल डंप लिहिणाऱ्या मेकडंपफाइलचाच बळी घेतोय. सर्व्हिसने खोटं सांगितलं नव्हतं. दुसरा कर्नल जागेवर भरलाय, एवढंच ती सांगते. त्याला त्या जागेत श्वास घेता येईल का, हे तिला ठाऊक नसतं.

राखीव जागेतच दुसरा कर्नल, त्याचं इनिटरॅमएफएस (बूटच्या वेळची छोटी फाइलसिस्टिम), सगळे ड्रायव्हर आणि डंप लिहिणारा प्रोग्राम बसवायचा असतो. रेड हॅट ९ मध्ये ठरलेला हिशोब असा: ४ जीबीपर्यंत रॅम असेल तर १९२ एमबी, ६४ पर्यंत २५६, त्यापुढे ५१२. ही सुरुवात समजा. स्टोरेज कार्डं जास्त असतील किंवा डंप नेटवर्कवरून पाठवायचा असेल तर आकडा वाढवा. केडंपसीटीएल एस्टिमेट चालवलं की अंदाज मिळतो. आधीच्या आवृत्त्यांतलं ‘ऑटो’ ९ मध्ये काढून टाकलंय, तेव्हा जुनी कॉन्फिग डोळे मिटून चिकटवू नका.

एनक्रिप्टेड डिस्कवर डंप ठेवायचा नाही, हे माझं ठाम मत. लक्स २ (लिनक्सचं डिस्क एनक्रिप्शन) चं आर्गॉन कुलूप उघडायलाच १ जीबीपर्यंत रॅम मागू शकतं, आणि पासवर्ड टाकायला त्या वेळी तिथे कोण बसलंय? वेगळं साधं पार्टिशन द्या, नाहीतर एनएफएस किंवा एसएसएचने दुसऱ्या मशीनवर पाठवा.

आकडा बदलल्यावर रिबूट हवाच. चालू मशीनवर राखीव जागा कमी करता येते, वाढवता येत नाही. रिबूटनंतर सिस-कर्नल खालची केएक्झेक-क्रॅश-साइझ वाचा. २५६ एमबी मागितले असतील तर तिथे २६८४३५४५६ दिसायला हवं. शून्य दिसलं तर बहुधा ग्रबची (बूटलोडरची) फाइल बदलली, पण ग्रब अपडेट करायचं राहिलं.

३. डंप कुठे, किती

ठरलेली जागा व्हारमधलं क्रॅश फोल्डर. मेकडंपफाइलला लेव्हल ३१ द्या. मेमरीतली नुसत्या शून्यांची, कॅशची, युजर प्रोग्रामांची आणि रिकामी पानं गळतात आणि डंप रॅमएवढा होत नाही.

४. मशीन पाडा

हे केल्याशिवाय केडंप लावलं असं म्हणू नका. आधी सिंक (लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरवा), मग रूट होऊन प्रोकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये ‘सी’ हे एक अक्षर एको करा. एकोला नुसतं सूडो लावून भागत नाही. फाइल उघडतो तुमचा शेल, आणि तो रूट नसतो. एसएसएचवर बसून अंदाज बांधू नका, कन्सोल समोर ठेवा.

क्लस्टर असेल तर आणखी एक खोच आहे. डंप लिहिला जात असताना शेजारचा नोड याला मेला समजून त्याची वीज तोडतो, आणि डंप अर्धाच राहतो. त्यासाठी फेन्स-केडंप आहे, ते लावा.

५. डंप उघडणं

क्रॅश या टूलला नेमक्या त्याच आवृत्तीच्या कर्नलची डीबगइन्फो (फंक्शनांची नावं वगैरे सांगणारी माहिती) लागते. जवळची आवृत्ती चालत नाही. कर्नल अपडेट कराल तेव्हाच तीही उतरवून ठेवा, नाहीतर वर्षभराने रिपॉझिटरीत ती शोधत बसाल. उघडल्यावर आधी लॉग वाचा, मग बीटी (बॅकट्रेस, म्हणजे फंक्शनांची साखळी) मारा. कोणत्या फंक्शनमध्ये मशीन कोसळलं ते तिथेच दिसतं.