पहिल्या ट्रायथलॉनचा निकाल कसा वाचावा?

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं, एकापाठोपाठ एक. नवी मुंबईतली शाळा-कॉलेजची मुलं बहुतेक वेळा पोहण्यातून किंवा रनिंगमधून या खेळाकडे वळतात. पहिली रेस झाली की आधी नंबर बघतात. मग "माझं रनिंग कच्चं आहे" असं ठरवून महिनाभर नुसती धावत सुटतात आणि पुढच्या रेसला पुन्हा रनिंगमध्येच मागे पडतात. माझं ठाम मत आहे की या खेळात वेळ जिथे गेलेला दिसतो, तिथे तो बऱ्याचदा गेलेला नसतो. त्याचं मूळ आधीच्या टप्प्यात असतं. ते शोधता आलं, तर पहिल्या दोन-तीन रेस तुम्हाला वर्षभराच्या सरावाची दिशा देतात.

त्याच दिवशी लिहून ठेवा

घरी परतताना, गाडीत किंवा लोकलमध्ये, मोबाइलवर बोलून ठेवलंत तरी चालेल. पण फोटो पाठवण्याआधी आणि "भारी केलंस रे" ऐकण्याआधी ते करा, कारण नंतर आठवणी गुळगुळीत होतात. पाण्यात पहिल्या शंभर मीटरमध्ये श्वास कसा होता? सायकलवर पाणी कधी प्यायलात, की प्यायलातच नाही? धावायला लागल्यावर आधी काय बोललं: मांड्या, पोट की दम? मांड्या आणि दम यांची कारणं वेगळी असतात, म्हणून "खूप दमलो" एवढ्यावर थांबू नका.

निकालाचे पाच तुकडे करा

पोहणं, पहिलं ट्रान्झिशन, सायकल, दुसरं ट्रान्झिशन, रनिंग. ट्रान्झिशन म्हणजे एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यासाठी तयार होण्यात जाणारा वेळ. वेळ मोजणाऱ्या चिपचे स्प्लिट, म्हणजे प्रत्येक तुकड्याची वेगळी वेळ, निकालात असतात. प्रत्येकासमोर तुमची सरावातली वेळ लिहा. मित्राची वेळ लिहू नका, त्यातून हाती काही लागत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पोहणं १९ मिनिटं, ट्रान्झिशन ४, सायकल ४४, ट्रान्झिशन २, रनिंग ३४. एकूण १ तास ४३ मिनिटं. ही मुलगी एरवी ५ किलोमीटर २७ मिनिटांत धावते. म्हणजे रनिंगमध्ये ७ मिनिटं गेली. सायकलवरून उतरून धावताना थोडा वेळ जास्त लागणारच, पण सात मिनिटं फार झाली.

आता उलटं चालत जा

रनिंगचं उत्तर सायकलमध्ये शोधा. घड्याळात किंवा सायकलच्या मीटरवर निम्म्या अंतराची वेळ बघा. समजा, या मुलीचे पहिले १० किलोमीटर २० मिनिटांत आणि नंतरचे १० किलोमीटर २४ मिनिटांत झाले. ताशी ३० चा वेग ताशी २५ वर आला. म्हणजे पाय रनिंगमध्ये गेले नाहीत, ते सायकलच्या पहिल्या भागातच गेले होते. तिला जास्त धावण्याची गरज नाही. सायकल सुरुवातीला आवरायला शिकण्याची आहे.

पण तिने सायकल एवढी ताणली का? आणखी एक पाऊल मागे जा. सरावात ती १०० मीटर सव्वादोन मिनिटांत पोहते. त्या हिशेबाने ७५० मीटरला सतरा मिनिटांच्या आत वेळ लागायला हवी होती, लागली १९. गर्दीत दम लागला, दिशा चुकली, बोयाला, म्हणजे वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या फुग्याला, लांबून वळसा पडला. पाण्याबाहेर येताना आजूबाजूला कोणी उरलं नव्हतं, आणि ती भरपाई तिने सायकलवर करायला घेतली. दोन मिनिटं वाचवायला गेली आणि रनिंगमध्ये सात मिनिटं मोजून दिली. सुरुवातीच्या रेसमध्ये हे इतक्या वेळा दिसतं, की रनिंग कोसळलं म्हटलं की मी आधी पोहण्याबद्दलच विचारतो.

पुढच्या रेसपर्यंत एकच दुरुस्ती

मूळ पोहण्यात असेल, तर तरणतलावात तिघांनी एकाच लेनमध्ये शेजारी-शेजारी पोहा, म्हणजे धक्क्यांची सवय होते. दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्यावर काढून समोरची एखादी खूण बघा. हे सगळं तरणतलावातच करायचं. वाशीची खाडी किंवा सेक्टरांमधले होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी तळी, हे सरावाचं पाणी नव्हे. तिथे चिखल आहे, प्रवाह आहे आणि जीवरक्षक नाही.

मूळ सायकलमध्ये असेल, तर आठवड्यातून एकदा ब्रिक करा, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावणं. पाम बीच रोडवर उजाडताच, मोठ्या माणसांच्या ग्रुपबरोबर, पुढे-मागे दिवे लावून १० ते १५ किलोमीटर सायकल चालवा. पहिला अर्धा भाग मुद्दाम संथ, दुसरा जोरात. मग नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेत सायकल मित्राकडे सोपवून दोन किलोमीटर धावा. पहिली काही मिनिटं पाय आपले वाटत नाहीत. ते जाईपर्यंत पावलं लहान ठेवा.

ट्रान्झिशनमधला वेळ मात्र जवळपास फुकट मिळतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टॉवेल पसरा, त्यावर हेल्मेट, बूट, बिबचा (छातीवरच्या नंबराचा) पट्टा मांडा आणि गॉगल काढून धावत येण्यापासून सगळं क्रमाने करा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही आणि माउंट लाइनच्या, म्हणजे सायकलवर बसण्यासाठी आखलेल्या रेषेच्या, आधी सायकलवर बसायचं नाही. हे नियम मोडले तर दंड होतो. बुटांना इलॅस्टिकच्या लेस लावल्या की नाडी बांधायचं कामच संपतं.

घाम आणि डबा

आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून शरीर नीट थंड होत नाही. लांब सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं, तर साधारण एक लिटर पाणी गेलं. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत पुरतं. घोटाघोटाने प्या, तहान नसताना लिटरच्या लिटर रिचवू नका. रेसच्या दोन-अडीच तास आधी सरावात पचलेलंच खा: पोहे, केळं, गूळ-पोळी. फुकट मिळालेलं एनर्जी जेलचं पाकीट त्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका.

पुढची रेस कधी?

दोन-तीन दिवस फक्त चालणं, हलकं पोहणं. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. क्लास आणि सराव दोन्ही करायचे म्हणून ती कापली, तर आधी सराव बिघडतो आणि मग मार्क. मुलींची पाळी चुकायला लागली, तर ते सरावाचं यश समजू नका. शरीराला अन्न कमी पडतंय याची ती खूण असू शकते. आईशी बोला, डॉक्टरांना भेटा.

दोन रेसमध्ये सहा-आठ आठवडे ठेवा, नाहीतर दुरुस्ती मुरायला वेळच मिळत नाही. हिवाळ्यातल्या रेस जानेवारीच्या प्रिलिम्सला आणि फेब्रुवारीच्या बोर्डाला आडव्या येतात. दहावी-बारावीच्या वर्षी दिवाळीच्या आसपासची एखादी घ्या आणि बाकीच्या सोडा. पैसे भरण्याआधी वयाची अट, पालकांची सही आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तपासा. आणि नोंदवहीच्या नव्या पानावर त्या रेसची तारीख आणि तुमची एकच दुरुस्ती लिहा. उदाहरणार्थ, "पहिले दहा किलोमीटर २२ मिनिटांच्या आत नाही."