ग्लासाबाहेरचं पाणी आलं कुठून? लहान मुलांना पदार्थाच्या अवस्था शिकवताना

सहा-सात वर्षांच्या मुलांना स्थायू, द्रव, वायू शिकवायला तुम्ही पहिल्यांदाच उभे राहणार असाल, तर व्याख्येपासून सुरुवात करू नका. 'स्थायूला स्वतःचा आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो' हे वाक्य मुलं लगेच पाठ करतात आणि मग पूर्ण खात्रीने सांगतात की वाळू द्रव आहे. त्यांचा तर्क बरोबरच असतो. वाळू ओतता येते, भांड्यात बसते. अशा वेळी नुसतं 'नाही' म्हणण्यापेक्षा हातात भिंग द्यावं. एकेका कणाला स्वतःच्या कडा आहेत हे मुलांना दिसतं. मग ताटात वाळू ओतायला सांगा, शेजारच्या ताटात पाणी. वाळूचा ढीग होतो, पाण्याचा होत नाही. एवढं पुरतं.

वितळणं आणि गोठणं फारसं जड जात नाही. साखर पाण्यात 'वितळली' असं मात्र मुलं हमखास म्हणतात. दोन कोरड्या वाट्या घ्या, एकीत साखर ठेवा, दुसरीत बर्फ. बर्फाचं आपोआप पाणी होतं, साखर तशीच राहते. साखरेला पाणी लागतं, बर्फाला उष्णता पुरते, हा फरक मुलंच बोलून दाखवतात.

खरी कसोटी लागते ती पाणी दिसेनासं झाल्यावर, किंवा कुठून तरी अचानक दिसायला लागल्यावर. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. काचेच्या कोरड्या ग्लासात लाल रंगाचं पाणी आणि बर्फ घाला, वर घट्ट झाकण ठेवा. थोड्या वेळात बाहेरून थेंब धरतात. ते कुठून आले, असं विचारा आणि गप्प राहा. कुणी म्हणतं काचेतून झिरपले, कुणी म्हणतं वरून सांडले, कुणी म्हणतं बर्फाला घाम आला. सगळी उत्तरं फळ्यावर लिहा, एकही खोडू नका. मग पांढऱ्या कागदी रुमालाने ग्लास पुसायला लावा. रुमाल ओला होतो, पण लाल होत नाही! वर्गात जी कुजबुज सुरू होते, ती मला फार आवडते. त्यानंतर दुसरा तसाच ग्लास सुरुवातीपासून डिजिटल काट्यावर ठेवा. थेंब जमत जातात तसं वजन हळूहळू वाढतं. आतलं पाणी बाहेर आलं असतं, तर वजन वाढलं नसतं. म्हणजे पाणी हवेतूनच आलं असणार. हा निष्कर्ष मुलांना काढू द्या, घाई करू नका. हवा कोरडी असेल तर थेंब फारच कमी येतात, म्हणून आदल्या दिवशी करून बघा.

वाफेबद्दल आधी आपलीच समज पक्की हवी. उकळत्या किटलीच्या तोंडाशी लगेच काहीच दिसत नाही, थोडं पुढे पांढरा ढग दिसतो. खरी वाफ त्या न दिसणाऱ्या जागेत असते. पांढरं दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब. पाणी तापू लागताना येणारे छोटे बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात, पण खळखळून उकळतानाचे मोठे बुडबुडे वाफेचे. हा प्रयोग तुम्हीच करा, मुलांना लांब बसवा.

वायू जागा व्यापतो हे दाखवायला बिनसुईची सिरिंज उत्तम. हवा भरून टोक बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा: आत जातो, सोडला की मागे येतो. पाणी भरून तेच करा, दट्ट्या हलत नाही. प्रत्येकाच्या हातात सिरिंज जायलाच हवी, नुसतं पाहून ते कळत नाही.

रेणूंची चित्रं या वयात नकोत. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र वितळत्या बर्फात थर्मामीटर ठेवायला द्या. ढवळत राहिलं तर शेवटचा तुकडा वितळेपर्यंत पारा ० अंशाच्या आसपासच राहतो. उष्णता मिळत असून तापमान का वाढत नाही, हा प्रश्न तेच विचारतात आणि रेणूंकडे जायची वेळ तेव्हा येते.

परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी ओल्या फरशीचं चित्र द्या आणि विचारा, 'हे पाणी आता कुठे जाईल?' 'संपेल' असं उत्तर आलं, तर ग्लासाचा प्रयोग पुन्हा घ्या.