लाल भोपळ्याची न्योकी आणि बिघडलेल्या गोळ्यावरचे उपाय

न्योकी म्हणजे मऊ गोळ्याचे छोटे तुकडे उकळून केलेला इटालियन पदार्थ. भोपळ्याची न्योकी बहुतेक वेळा पाण्यामुळे फसते. बटाट्याच्या मानाने लाल भोपळ्यात स्टार्च कमी आणि पाणी जास्त, त्यामुळे बटाट्याच्या न्योकीचं प्रमाण इथे जसंच्या तसं चालत नाही. गोळा सैल दिसला की हात मैद्याच्या डब्याकडे जातो. तो आवरा, कारण जास्तीच्या मैद्याने न्योकी घट्ट होते आणि भोपळ्याची चव हरवते. आधी पाणी आटवायचं, मैद्याचं नंतर बघायचं.

लागेल ते असं: साधारण १ किलो भोपळा (आटवून सुमारे ५०० ग्रॅम गर उरावा), १५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम राखीव, १ अंड्याचा बलक, ४० ग्रॅम किसलेलं पार्मेझान चीज, १ चमचा मीठ, चिमूटभर जायफळ.

भोपळा उकडू नका. सालीसकट मोठ्या फोडी करून ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर ४५ ते ६० मिनिटं भाजा. सुरी लोण्यात गेल्यासारखी आत गेली पाहिजे. गर काढून चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून फिरवा. मग पसरट पॅनमध्ये मंद आचेवर ८-१० मिनिटं सतत हलवत आटवा. तळाशी उलथन्याने रेघ ओढल्यावर ती लगेच बुजली नाही, तर गर तयार आहे. ओव्हन नसेल तर फोडी वाफवा. मात्र आटवायला जवळजवळ दुप्पट वेळ धरा.

गर पूर्ण थंड होऊ द्या, कारण गरम गर जास्त मैदा ओढतो आणि बलकही त्यात शिजून जातो. थंड गर वजन करून घ्या, प्रमाण याच वजनावर ठरतं. त्यात बलक, चीज, मीठ, जायफळ मिसळा आणि वरून मैदा भुरभुरवत हाताने जेमतेम एकत्र करा. कणकेसारखं मळू नका, मळलं की ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) ताणलं जाऊन न्योकी रबरी होते. गोळा मऊ, बोटाला किंचित चिकटणारा, पण आकार धरणारा असावा.

आता सगळे तुकडे पाडायच्या आधी एकच उकळून बघा. ही २ मिनिटं वाचवू नका. पुढचं सगळं या तुकड्यावरून ठरतं.

तुकडा पाण्यात विरघळला तर राखीव मैद्यातला १ मोठा चमचा घाला आणि पुन्हा एक तुकडा उकळा. राखीव मैदा संपला तरी विरघळतोय? मग वळण्याचा हट्ट सोडा. दोन चमच्यांनी गोळे करून थेट पाण्यात सोडा. इटलीच्या ईशान्येला, फ्रिउलीमध्ये, भोपळ्याची न्योकी चमच्यानेच सोडतात आणि वर धुरावलेला रिकोटा (एक इटालियन चीज) किसतात. तेही जमत नसेल, तर मिश्रण लोणी लावलेल्या ट्रेमध्ये थापून, वर चीज घालून २०० अंशांवर २०-२५ मिनिटं भाजा. आकार गेला तरी चव शाबूत राहते.

तुकडा घट्ट लागला तर मैदा जास्त झाला आहे. गर उरला असेल तर त्यातला २-३ चमचे हलक्या हाताने मिसळा. गोळा फार मळला गेला असेल तर मात्र हा उपाय लागू पडत नाही. अशा न्योकीचे तुकडे लहान करा आणि उकळल्यावर लोण्यात खरपूस परता.

परीक्षा पास झाली की रवा भुरभुरलेल्या ओट्यावर अंगठ्याएवढ्या जाड वळकट्या करा, २ सेंटीमीटरचे तुकडे कापा आणि रवा टाकलेल्या ताटात एकमेकांना न चिकटता ठेवा. खारट पाणी मंद उकळतं असावं, खळखळत्या पाण्यात तुकडे फुटतात. वर तरंगल्यावर अर्धा मिनिट थांबून झाऱ्याने काढा आणि लोणी आणि सेज (एक सुगंधी पाला) गरम केलेल्या पॅनमध्ये लगेच टाका.

कच्चे तुकडे फ्रिजमध्ये ठेवले तर पाणी सुटून चिकटतात. उरले तर ताटासकट फ्रीझरमध्ये कडक करून पिशवीत भरा, आणि वितळू न देता तसेच उकळत्या पाण्यात थोडे थोडे सोडा.