मॅक्युलर होल: ऑपरेशनांची तुलना करताना या चुका टाळा

मॅक्युलर होल म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पडलेलं छिद्र. शेजारच्या काकूंचं छिद्र साध्या ऑपरेशननं बुजलं, मग आपल्यालाच डॉक्टर ‘फ्लॅप’ का सांगताहेत? चूक इथूनच सुरू होते. ओसीटीच्या, म्हणजे पडद्याच्या स्कॅनच्या, रिपोर्टवर छिद्राची रुंदी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) दिलेली असते, आधी तो आकडा बघा. २५० पर्यंत लहान, ४०० पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठं.

लहान-मध्यम छिद्राला नेहमीची पद्धत बहुधा पुरते. विट्रेक्टॉमी करून डोळ्यातली जेली काढतात, आयएलएम नावाचा पडद्यावरचा तलम पापुद्रा निळ्या रंगानं रंगवून सोलतात आणि गॅस भरतात. मोठ्या छिद्राचं मात्र तसं नाही. २०१० मध्ये पोलंडच्या झोफिया मिखालेव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०० मायक्रॉनपेक्षा मोठ्या छिद्रांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. पापुद्रा पूर्ण काढला तेव्हा ८८ टक्के छिद्रं बुजली म्हणायची, पण १९ टक्के जणांत कडा नुसत्या बसल्या, मधला तळ उघडाच राहिला. पापुद्रा कडेला जोडलेला ठेवून छिद्रावर उलटा पांघरला, तेव्हा ९८ टक्के बुजली आणि तळ उघडा राहिला फक्त २ टक्क्यांत. हा उलटा पांघरलेला पापुद्रा म्हणजेच फ्लॅप, म्हणून मोठ्या छिद्राला तो. नवीन पद्धत आहे म्हणून लहान छिद्रालाही तीच करा, असा हट्ट धरू नये.

गर्भवेष्टनाचा (गर्भाभोवतीच्या पातळ आवरणाचा) तुकडा छिद्रात बसवण्याबद्दलही लोक विचारतात. ते बहुतेक वेळा आधीचं ऑपरेशन फसल्यावरचं काम.

‘बुजलं’ म्हणजे ‘दिसायला लागलं’ नव्हे. १९९१ मध्ये केली आणि वेंडेल या डॉक्टरांनी पहिल्यांदा अशी ५२ डोळ्यांची ऑपरेशनं मांडली, तेव्हा ५८ टक्के छिद्रं बुजली, पण तक्त्यावर दोन ओळी तरी जास्त वाचता आल्या ४२ टक्क्यांनाच. आज आकडे खूप सुधारलेत, तरी छिद्र जितकं जुनं तितकी नजर कमी परतते.

गॅस कुठला भरला हे न विचारता घरी जाऊ नका. एसएफ६ साधारण दोन आठवडे टिकतो, सी३एफ८ जवळपास दोन महिने. तो विरेपर्यंत विमान बंद. उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढतो, त्यामुळे पुण्या-मुंबईत ऑपरेशन करून महाबळेश्वरला परतायचं असेल तर सर्जनना आधीच सांगा. दुसरं काही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्यांनाही सांगा. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूनंही हा बुडबुडा फुगतो.

आणि काही महिन्यांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं की ‘ऑपरेशन बिघडलं’ म्हणून घाबरू नका, तपासून घ्या. पन्नाशीपुढच्या बहुतेकांना विट्रेक्टॉमीनंतर वर्ष-दोन वर्षांत मोतीबिंदू वाढतो, म्हणून काही सर्जन दोन्ही कामं एकदमच उरकतात. लेन्स आधीच बदललेली असेल, तर हा प्रश्न तुमचा नाही.